वादळाचा अतिरिक्त चार्ज

कर्तव्य हे माणसापेक्षा मोठं असतं. प्रा. स्वरूप खुटवड हे वाक्य प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटी म्हणत, आणि एवढी मोठी गोष्ट एकट्याला उचलवणार नाही म्हणून उचलायची वेळ आली की दुसऱ्या कुणालातरी हाक मारत.

सर भोरच्या नीरा-कानंदी शिक्षण प्रसारक मंडळाच्या कॉलेजात भूगोल शिकवत. शिवाय ते कॉलेजच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचे प्रमुख होते. कक्ष म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यात दोरखंड, हेल्मेटं, एक भोंगा आणि एक नारिंगी जाकीट होतं. जाकीट सर प्रजासत्ताक दिनाला घालत. आपत्तीसाठी ते अजून बाहेर निघालं नव्हतं. कॉलेजचा जुना हॉलही कक्षाच्याच ताब्यात होता. नदीकाठच्या वस्तीनं पूर-वादळात तिथं येऊन राहायचं, असं ठरलेलं. हॉलच्या दाराशेजारी सरांनी स्वतःचा फोटो आणि मोबाईल नंबर टाकून फ्लेक्स लावून घेतला होता: ‘संकटात फक्त एक फोन.’ फ्लेक्स लागल्यापासून भोरावर संकट आलं नव्हतं. सर ते फ्लेक्सच्या खात्यावर जमा करत.

मे महिना संपता संपता अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलं. त्याचं नाव कुठल्यातरी शेजारच्या देशानं ठेवलेलं होतं. भोरात ते दोन माणसांना एकसारखं म्हणता येईना, म्हणून सगळे त्याला ‘ते’ म्हणू लागले. टीव्हीवाले सांगत होते की ‘ते’ रायगडच्या किनाऱ्याला लागणार, घाट चढणार आणि भोर-वेल्ह्यावरून पुढं जाणार. टीव्हीवरची बाई हे इतक्या उत्साहानं सांगत होती की जणू तिच्याच घरचं कुणी यायचं होतं.

खुटवड सरांना वादळाचा अनुभव होता. मागच्या वादळात समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची काळी टाकी त्यांच्या डोळ्यांदेखत उठली आणि एसटी स्टँडच्या दिशेनं निघून गेली. ती पुढं कुणालाच सापडली नाही. सर त्या वेळी दिवाणाखाली होते. ‘निरीक्षणासाठी ती जागा योग्य होती,’ असं ते नंतर सांगत. त्यांची बायको माधुरी याला दुजोरा देई. फक्त, निरीक्षण चालू असताना सरांनी डोळ्यांवर उशी धरली होती, एवढं ती सांगत नसे.

या खेपेला मात्र दिवाणाखाली जाऊन भागणार नव्हतं. शुक्रवारी मंडळाची बैठक होती आणि तीत उपप्राचार्य ठरणार होता. नावं दोनच होती, खुटवड सर आणि इतिहासाच्या गायत्री शेटे मॅडम. अध्यक्ष दोघांनाही हसून म्हणाले होते, “बघू की, वादळात कोण कसं उभं राहतंय.” थोडक्यात, सरांना वादळात उभं राहिलेलं दिसायचं होतं आणि वादळात असायचं नव्हतं. हा भूगोलाचा प्रश्न होता. सरांनी नकाशा काढला.

नकाशात त्यांना वेल्हे दिसलं. वेल्हे आणि समुद्र यांच्या मध्ये तोरणा. एवढा डोंगर आडवा असताना वारा येईलच कसा, असा सरांनी विचार केला. वारा वरूनही येतो हा मुद्दा त्यांनी परीक्षेत विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवला होता. वेल्ह्यात मंडळाची शाखा होती. तेव्हा शाखेत तातडीनं कार्यशाळा घेणं भाग होतं. विषय: ‘वादळाला सामोरे जाताना’. सुट्टीत विद्यार्थी कुठून येणार, असं प्राचार्यांनी विचारलं. वादळ सुट्टी बघून येत नाही, असं सरांनी उत्तर दिलं. प्राचार्यांनी सही केली, कारण त्यांना स्वतःला त्याच दुपारी औरंगाबादच्या परिसंवादाला निघायचं होतं.

आता राहिला चार्ज. मंडळात कुणीही कामानिमित्त गाव सोडताना आपला चार्ज दुसऱ्याच्या हाती देत असे. किल्ल्या द्यायच्या, सही घ्यायची, एकत्र चहा प्यायचा आणि फोटो ग्रुपवर टाकायचा. या रीतीत एक मेख होती. चार्ज नाकारता येत नसे. नाकारला तर सेवापुस्तकात शेरा बसे. तो फक्त पुढं देता येई.

सरांनी चार्ज गायत्री मॅडमना दिला. वादळ आलं आणि काही बरंवाईट झालं तर ते मॅडमच्या चार्जमध्ये होईल, हा हिशेब त्यांनी चहा पिता पिता केला. मॅडमनीही तोच केला. त्या इतिहासाच्या होत्या, त्यांना असले डाव पाठ होते. “निर्धास्त जा, सर,” त्या म्हणाल्या. फोटोत दोघंही हसत आहेत. सरांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला एक पिवळी छोटी बॅटरी लटकत होती. कुठल्याशा प्रशिक्षणात ती भेट मिळाली होती आणि ती कधीच पेटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर निघाले. बॅगेत जाकीट, कपाटातलं एक हेल्मेट, दोन दिवसांचे कपडे आणि औषधं. माधुरीनं दारातच गाठलं.

“म्हणजे वादळ आज येणार आणि वादळाची माहिती असलेला माणूस आज जाणार.”

“काम आहे, माधुरी. तिथल्या मुलांना कोण सांगणार?”

“मग मलाही न्या. मलाही काम निघेल तिथं.”

“तुला काय काम?”

“तुमच्यासोबत दिवाणाखाली बसायचं.”

सरांनी कर्तव्याबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण व्याख्यानाला टेबल आणि पाण्याचा ग्लास लागतो. ते तसेच गाडीत बसले. घराच्या खिडक्या नीट लावून घे, असं त्यांनी काच खाली करून सांगितलं आणि काच पुन्हा वर केली.

वेल्ह्यापर्यंतचा रस्ता निवांत होता. आभाळ भरलेलं होतं, पण पान हलत नव्हतं. ‘वादळापूर्वीची शांतता’ ती हीच, असं सर स्वतःला सांगत होते. वेल्ह्याच्या बाजारात लोक कांदे निवडत होते आणि एक बाई भाव ऐकून विक्रेत्याला त्याच्या बापाची आठवण करून देत होती. सरांना या अडाणी निर्धास्तपणाची कीव आली.

शाखेचे प्रमुख होते अल्लाउद्दीन आतार. शांत, गोड बोलणारा, अर्थशास्त्राचा माणूस. त्यांनी सरांचं गुलाबाचं फूल देऊन स्वागत केलं. कार्यशाळेला श्रोते म्हणून दोन मुली, पावती फाडायला आलेला एक पालक आणि बाहेरच्या उकाड्यातून आत आलेलं कुत्रं एवढे होते. सरांनी तासभर सांगितलं की वादळात प्रमुख व्यक्तीनं जागा सोडायची नसते. पालकानं मधे विचारलं की पावती आज मिळंल का. सर म्हणाले, प्रश्न शेवटी.

शेवटाच्या आधी सरांचा फोन वाजला. भोरहून जाहिदा बागवान बोलत होती. नदीकाठी तिची बेकरी होती आणि वस्तीतल्या कुठल्याही कामात ती पुढं असे.

“सर, फ्लेक्सवरून नंबर घेतला. हॉल कधी उघडताय? म्हातारी माणसं आणायचीत.”

सरांनी तिला समजावलं की चार्ज आता गायत्री मॅडमकडं आहे, नंबर लिहून घ्या. जाहिदानं तो घेतला. सर पुन्हा जागा न सोडण्याच्या मुद्द्याकडं वळले.

तिकडं भोरात काय चाललं होतं ते सरांना ठाऊक नव्हतं. गायत्री मॅडमना पहाटेच आठवलं होतं की पुण्यात पेपर तपासणीला त्यांची गरज आहे. त्यांनी चार्ज क्रीडाशिक्षक कोंडिबा दामगुडे सरांना दिला, चहासकट. दामगुडे सर सहा फूट उंच, छाती भरदार, आणि त्या छातीत एक अत्यंत सावध काळीज. त्यांना चहा संपायच्या आत आठवलं की भोंगवलीला तालुका स्पर्धांचं मैदान बघायचं राहिलंय. भोंगवली समुद्रापासून आणखी लांब. पण आता भोरात चार्ज घ्यायला कुणी उरलं नव्हतं. सेवाज्येष्ठतेनं पुढचं नाव निघालं वेल्ह्याच्या आतार सरांचं. दामगुडे सरांनी फोनवर सही घेतली, म्हणजे ‘ठीक आहे’ म्हणवून घेतलं, आणि किल्ल्या पिशवीत घालून वेल्ह्याकडं निघालेल्या एसटीच्या कंडक्टरकडं दिल्या. भोर-वेल्ह्यात माणसं डबा, औषध, चष्मा, लग्नाच्या पत्रिका सगळं कंडक्टरच्या हाती पाठवतात. आपत्ती व्यवस्थापन त्या मानानं हलकं होतं.

दुपारच्या गाडीनं पिशवी आली. कंडक्टर गेनू शाखेच्या दारातच ओरडला, “आतार सर कोण? हे घ्या, भोरास्नं आलंय. मोडायचं न्हाई म्हनत हुते, म्हनून मांडीव घिऊन बसलो.”

सर तेव्हा कॅन्टीनमध्ये पिठलं-भाकरी खात होते. आतार सरांनी पिशवी उघडली, आत बघितलं, मिटली आणि विचारात पडले. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं. ते सरांच्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, मला विद्यापीठात जावंच लागतंय, निकालाचं काम आहे, टाळता येत नाही. शाखेत सर्वांत ज्येष्ठ आत्ता तुम्हीच. वेल्ह्याचा अतिरिक्त चार्ज आपण घेतलात तर माझ्यावर उपकार होतील.

अतिरिक्त चार्ज. हे दोन शब्द सरांच्या कानांना फार गोड लागले. एका तालुक्याचा चार्ज सोडून दुसऱ्याचा घेणारा माणूस शुक्रवारी बैठकीत कसा दिसेल, याचं चित्र त्यांच्यापुढं उभं राहिलं. त्यांनी भाकरीचा हात धुतला, जाकीट घातलं आणि सही केली. सहीच्या वर काय लिहिलंय ते वाचायची पद्धत मंडळात नव्हती. गेनूनं फोटो काढला. आतार सरांनी तो तिथल्या तिथं ग्रुपवर टाकला: ‘संकटकाळी भोर व वेल्हे दोन्हींचा पदभार खंबीरपणे स्वीकारताना प्रा. खुटवड.’ अध्यक्षांचा अंगठा लगेच आला. मग आतार सरांनी पिशवी सरांच्या ओंजळीत उपडी केली.

पिवळी बॅटरी सर्वांत आधी पडली.

“हे कुठून आलं?” सर म्हणाले.

“भोरहून. तुमच्याच चार्जचं आहे ना ते,” आतार सर म्हणाले. “फिरत फिरत घरी आलं म्हणा. खुदा हाफिज, सर. वारा सुटायच्या आत खेड शिवापूर गाठतो.”

ते गेले. गेनूही गेला. पावतीवाला पालक मात्र अजून होता. त्यानं विचारलं, आता चार्ज तुमच्याकडं आलाय तर पावती तुमीच फाडा की.

तेवढ्यात फोन आला. जाहिदाच होती. तिचा आवाज तक्रार करणाऱ्या माणसाचा नव्हता, दिवसभर मजा बघणाऱ्याचा होता.

“सर, शेटे मॅडमना लावला. त्या म्हणाल्या, दामगुडे सरांकडं. त्यांना लावला. ते म्हणाले, आतार सरांकडं. आतार सर आत्ता म्हणतायत, खुटवड सरांकडं. मग परत तुम्हालाच लावला. तुमच्या फ्लेक्सवर बरोबर लिहिलंय, एकच फोन. आम्ही उगाच चार केले.”

“उघडतो,” सर म्हणाले. “व्यवस्था करतो.”

“कधी? साळूबाई कांबळेंना खुर्चीतनं उचलून आणलंय. त्या म्हणतायत, चार वाजेपर्यंत न्हाई उघडला तर मी घरला जाते, माजा पत्राच बरा.”

सरांनी फोन ठेवला आणि बंद केला. पुढचे फोन येऊ नयेत हा त्यांना त्या दिवशी सुचलेला एकमेव प्रतिबंधक उपाय.

मग ते कॅन्टीनच्या बाकावर बसून राहिले. पर्याय त्यांनी सगळे तपासले. चार्ज पुढं द्यावा तर शाखेत शिपाई भिमा तेवढा होता आणि तो नियमात बसत नव्हता. किल्ल्या परतीच्या एसटीनं पाठवाव्यात तर भोरात घेणारं कुणी नव्हतं. इथंच राहावं तर हॉल बंद राहणार, आणि बंद राहिला तो कुणाच्या चार्जमध्ये, याचा फोटो अध्यक्षांच्या अंगठ्यासकट ग्रुपवर होता. साळूबाईंचं काय होईल हाही विचार त्यांच्या मनात आला. नाही असं नाही. फक्त तो येईपर्यंत बाकीच्यांनी जागा धरून ठेवली होती.

शेवटी उपप्राचार्याची खुर्ची भीतीपेक्षा तसूभर जड भरली. सर गाडीत बसले, हेल्मेट घातलं आणि निघाले. पालकानं पावतीसाठी मारलेली हाक काचेवर आपटून परत गेली.

त्या प्रवासाचं वर्णन सर पुढं अनेक वर्षं करणार होते. रस्त्याकडेचा प्रत्येक आंबा त्यांना कोसळण्याच्या बेतात दिसत होता. नसरापुरात माणसं वडापाव खात उभी होती. मृत्यूच्या दाढेत वडा, असं सरांच्या मनात आलं आणि शब्दयोजना आवडल्यानं त्यांनी ती लक्षात ठेवली. कापूरहोळला एका म्हाताऱ्यानं हात केला. त्याला उत्रोलीला जायचं होतं, दुसरं काही नव्हतं. सरांना वाटलं, हा मदत मागणारा हात आहे. त्यांनी गाडीचा वेग वाढवला. आधी संस्थात्मक जबाबदारी, मग वैयक्तिक, हा क्रम ते शिकवतच असत. आभाळ मधेच थोडं उजळलं तेव्हा ते जास्तच घाबरले. वादळाचा डोळा असा शांत असतो, असं त्यांच्या पुस्तकात होतं.

भोरात हॉलपुढं गाडी थांबली तेव्हा सरांचा शर्ट घामानं भिजला होता. ते दार ठोठावणाऱ्या, हंबरडे फोडणाऱ्या गर्दीची कल्पना करत आले होते. गर्दी नव्हती. दार सताड उघडं होतं. आत सतरंज्या अंथरल्या होत्या, चार पोरं कॅरम खेळत होती, कोपऱ्यात मोठ्या पातेल्यात खिचडी शिजत होती आणि बेकरीतले टोस्ट वाटले जात होते. साळूबाई खुर्चीत बसून कॅरममधल्या एका पोराला त्याची चूक सांगत होत्या. माधुरी चहा ओतत होती.

“आलात?” ती म्हणाली. “हेल्मेट काढा. आत पत्रा नाही, स्लॅब आहे.”

“हॉल कुणी उघडला?” सरांनी विचारलं.

कुणाला प्रश्न कळला नाही. मग जाहिदानं दाराकडं बोट केलं. कोयंड्याला कुलूप लटकत होतं, उघडं.

“ओढलं की निघतं ते,” ती म्हणाली. “आमची पोरं रोज संध्याकाळी इथंच खेळतात की.”

“मग मला फोन कशाला केले?”

“आधी परवानगी घ्यावी म्हटलं. तुम्ही फ्लेक्स लावलाय एवढा. मग घेता घेता कळलं की ती कुणाकडंच नाही.”

सरांच्या डोक्यात शुक्रवार होता. दोन तालुके, अतिरिक्त चार्ज, जिवावर उदार होऊन प्रवास, आणि शेवटी उघडा हॉल. उघड्या हॉलचा फोटो काय काढणार? त्यांनी हॉलच्या कोपऱ्यातल्या कक्षाच्या कपाटातून भोंगा काढला.

“सर्वांनी कृपया बाहेर यावं,” ते भोंग्यातून म्हणाले. अंतर चार हातांचं होतं. “हॉल अधिकृतपणे उघडायचा आहे.”

“आन् आत्ता हाय त्यो काय हाय?” साळूबाईंनी विचारलं.

“सर, तुम्हाला कळलंय ना, ते वादळ,” जाहिदा सांगू लागली.

“वादळाबद्दल अफवा नकोत,” सर म्हणाले. “माहिती फक्त कक्षाकडून येईल.”

जाहिदानं माधुरीकडं बघितलं. माधुरीनं चहाच्या किटलीवर झाकण ठेवलं आणि खांदे उडवले. “करू द्या त्यांना. खिचडीला अजून शिट्टी यायचीय,” ती म्हणाली. पातेल्याला शिट्टी नसते, हे सगळ्यांना कळलं, सरांना सोडून.

लोक बाहेर आले. साळूबाईंना खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांनी वाटेत पोरांना सांगितलं की दुसऱ्यांदा उचलायचे मला दोन टोस्ट जास्त द्या. सरांनी दार ओढून घेतलं, कुलूप कोयंड्यात दाबून बसवलं, जाकिटाची चेन वर केली आणि वळले. माधुरीच्या हातात मोबाईल होता. सरांनी जुडग्यातली सर्वांत मोठी किल्ली निवडली आणि कुलपात घातली. ती गेलीच नाही. दुसरी गेली, पण फिरली नाही. तिसरी अर्ध्यात अडकली. मागं उभ्या वस्तीत कुणी हसलं नाही. खिचडीचा वास येत होता आणि सगळ्यांना लवकर आत जायचं होतं.

“कुठल्या कुलपाच्या आहेत या?” माधुरीनं विचारलं.

“कक्षाच्या.”

“कक्षाच्या कपाटाला कडी आहे.”

सरांनी एकदा किल्ल्यांकडं बघितलं, एकदा मोबाईलकडं. मग अंगानं कुलूप झाकून त्यांनी ते हळूच ओढलं. निघालं. “आता काढ,” ते कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले. फोटोत त्यांच्या एका हातात किल्ली वर धरलेली आहे आणि चेहऱ्यावर माणसाला संकटातून बाहेर काढल्याचा थकवा आहे. मागं साळूबाई टोस्ट खातायत.

शुक्रवारी बैठकीत तो फोटो सर्वांनी पाहिला. गायत्री मॅडम, दामगुडे सर आणि आतार सर या तिघांनीही आपापल्या चार्जच्या काळात एकही बळी गेला नाही, हे नमूद करून घेतलं. ते खरंच होतं. पण फोटो खुटवड सरांचाच होता. त्यांना उपप्राचार्य करण्यात आलं, शाल-श्रीफळ देण्यात आलं आणि अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की वादळ समोर उभं ठाकलं असताना हा माणूस वादळाच्या दिशेनं गाडी चालवत आला. टाळ्या झाल्या. माधुरी मागच्या रांगेत होती, तिनंही वाजवल्या.

सर वेल्ह्याला निघाले त्या दिवशी सकाळीच वादळ ओमानकडं वळलं होतं.